खिंडीतून येणारी माणसं

मावळात फेरीवाला पावसात येत नाही. ज्येष्ठात ढग खाली उतरले की खिंडीतली वाट निसरडी होते, ओढे फुगतात आणि चार महिने परकं माणूस गावात दिसत नाही. त्यामुळे आमच्या पवन मावळात फेरीवाल्यांचंही एक पंचांग होतं. वैशाखात घोंगडीवाला यायचा, इरली घेऊन बुरूड यायचे, मिठाची पोती आणि सुकट-बोंबलाच्या पाट्या यायच्या. ही सगळी पावसाळ्याची बेगमी. भाताची झोडणी उरकली, कणगी भरली, की मग कासारीण, कल्हईवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, सुया-पोतवाली, जात्याला टाकी लावणारा. आजी म्हणायची, "पहिले गरजेचे, मागचे हौशेचे." कल्हई आणि टाकी यांना मी हौशेत धरणार नाही. त्यांच्यावाचून स्वयंपाकघर अडायचं.

*

गेली दोन वर्षं गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या बायांपाशी बसून मी ही वही भरते आहे. पुरुषांना जुन्या काळाबद्दल विचारलं की ते पाटील, तलाठी, मामलेदार आणि धरणावरचे साहेब यांच्या गोष्टी सांगतात. बायांना विचारलं की दारावर आलेली माणसं आठवतात. याचं कारण साधं आहे. आठवड्याचा बाजार करायला घरातले पुरुष जायचे, फार तर सासू जायची. सुनेने बाजाराला जायची रीत नव्हती. तिने आपल्या हाताने वस्तू पारखून, घासाघीस करून, नको म्हणून परत टाकून घ्यावी असा बाजार एकच होता, आणि तो अंगणात बसायचा.

*

वाट अशी. कामशेत स्टेशनवर उतरायचं, बेडशाच्या अंगाने खिंड चढायची आणि पलीकडे पवनेच्या खोऱ्यात उतरायचं. नाणे मावळात आणि आंदर मावळात जाणारे स्टेशनावरूनच दुसऱ्या दिशांना फुटायचे.

पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ मध्ये आली. बोरघाटाचा अवघड टप्पा १८६३ मध्ये पुरा झाला. त्याआधी १८३० मध्ये, माल्कम गव्हर्नर असताना, घाटातून गाडीरस्ता झाला होता, आणि त्याच्याही आधी कोकणातलं मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं. आगगाडीने पाठीवरचं ओझं उतरवलं असं आपण शाळेत वाचतो. आमच्या खोऱ्यात ते खरं नाही. आगगाडीने माल स्टेशनापर्यंत आणला. पुढचे तीन-चार कोस डोक्यावरच. पूर्वी वर्षातून एकदा तांड्याबरोबर येणारा माल आता पाटीत मावेल एवढा होऊन वरचेवर यायला लागला. माझ्या मते मावळातला फेरीवाला आगगाडीमुळेच वाढला.

*

बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. हे मला कासारिणीने शिकवलं. मी सहा-सात वर्षांची असेन.

ती पडवीत पोतं अंथरून बसायची. दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे झुबके शेजारी. समोर बसलेल्या बाईचा हात ती आपल्या गुडघ्यावर घ्यायची, आधी नुसता दाबून पाहायची, अंगठ्याचा सांधा आत दुमडून तळवा निमुळता करायची आणि बांगडी सरकवायची. कडक हाताला साबणाचं पाणी. बाई कळवळली की कासारीण मुद्दाम काहीतरी विचारायची आणि ती उत्तर देते न देते तोच बांगडी मनगटावर गेलेली असायची. शेवटची बांगडी भरली की सून असो की सत्तर वर्षांची म्हातारी, ती कासारिणीला नमस्कार करायची. विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पाया पडावं असा व्यवहार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

हात दाबून पाहण्यात काय होतं ते मला फार पुढे, आत्याने सांगितलं तेव्हा कळलं. कासारीण वर्षातून दोनदा यायची आणि प्रत्येकीचं माप तिच्या लक्षात असायचं. मागच्या खेपेला दोन-सहा मापाची बांगडी नेटाने चढवावी लागली आणि यंदा दोन-चार विनासायास गेली, तर पोरीचा हात उतरला आहे, म्हणजे सासरी पोरीचं बरं चाललेलं नाही. सासू समोर बसलेली असायची, सून काही बोलू शकायची नाही. बोलायची गरजही नव्हती. कासारीण पुढच्या आठवड्यात खिंडीपलीकडे तिच्या माहेरी जायची आणि आईच्या हातात बांगड्या भरताना तेवढंच सांगायची, "पोरीचा हात उतरलाय." मग भाऊ मूळ घेऊन यायचा, निमित्त काहीही काढून. आत्याचा भाऊ, म्हणजे माझे वडील, एकदा असेच चालत गेले होते. निमित्त होतं शेजारच्या वाडीतल्या म्हशीचं.

*

माझी आजी तिशीच्या आत विधवा झाली. कासारीण आली की ती माजघरात जायची आणि कणगीपाशी बसायची. घरातल्या चौघी-पाचजणींच्या बांगड्यांचं भात तीच मोजून द्यायची. बाहेर किणकिण चालायची आणि आत आजी माप भरायची. मला त्यात तेव्हा काही वाटलं नाही. लहान मुलाला जे रोज दिसतं ते बरोबरच असणार असं वाटतं.

निघताना कासारीण पाटी उचलण्याआधी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची आणि "आक्का, पाणी द्या" म्हणायची. घरात दुसऱ्या बाया असायच्या, त्यांच्याकडे मागायची नाही. आजी तांब्या घेऊन यायची. पाणी पिऊन झालं की कासारीण कमरेची पिशवी सोडून सुयांची एक पुडी आजीच्या हातावर ठेवायची. तिचे पैसे घ्यायची नाही, भातही घ्यायची नाही. आजीला बांगडी भरायची मुभा तिला नव्हती. त्या पुडीतल्या सुयांनी आजीने घरातल्या सगळ्या गोधड्या शिवल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की गावात विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. शासनाने पाठोपाठ परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. वर्तमानपत्रात ते वाचलं त्या दिवशी मला माजघराचा उंबरा आठवला.

*

मोजमाप. आजीला तोंडपाठ होतं ते तसंच लिहून ठेवते: दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी.

खंडी आणि मण पुरुषांच्या तोंडी असायचे, सावकाराशी बोलताना. दारावरचा व्यवहार मापटं-चिपट्यात व्हायचा. आणि खरी घासाघीस मापावर नसायची, शिगेवर असायची. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभं राहणारं धान्याचं शिखर. आजी डाव्या हाताचा तळवा मापाच्या काठाला आडवा धरायची, उजव्या मुठीतून भात हळूहळू सोडायची. टेकडी वर चढत जायची आणि एका क्षणी दाणे कडेने ओघळायला लागायचे. ओघळले की शीग झाली. ओघळलेले दाणे पुन्हा मापात टाकायचे नाहीत, ते घेणाऱ्याच्या पदरात. ज्याचा माल मनास आला नाही त्याच्या मापावरून हात फिरवून शीग पुसून टाकायची. एक शब्द न बोलता पसंती-नापसंती कळायची.

घरातला रोकडा पैसा पुरुषाच्या खिशात असायचा. कणगीतल्या मूठभर भातावर मात बाईचा हात चालायचा. दारावरचा व्यवहार धान्यात चालत होता म्हणूनच तो तिच्या हातात होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे शेर-पायली जाऊन किलो आला. हिशेब सोपा झाला. पण फेरीवाला रोख मागायला लागला तसं बाईला मधे घरधन्याला विचारावं लागायला लागलं. हे मला तीन बायांनी वेगवेगळं, एकमेकींना न विचारता सांगितलं.

*

मामाच्या घरी कल्हईवाला आला की शाळेला दांडी. तो अंगणाच्या कडेला वीतभर खड्डा खणायचा, त्यात भात्याची नळी पुरायचा, वर कोळसे. भाता चामड्याचा, फुगायचा आणि बसायचा तेव्हा म्हातारं जनावर दम खातंय असा आवाज. पातेलं आधी राखेने, वाळूने घासलेलं असायचं. ते चिमट्यात धरून विस्तवावर फिरवत राहायचा. तापलं की नवसागराची पूड भुरभुरायची. भसकन पांढरा धूर, डोळ्यांत पाणी, नाकात झणका. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची, लगेच पाण्यासारखा थेंब आणि तो थेंब कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत सगळ्या पातेल्याला. काळं-तपकिरी पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवायचं आणि चर्र.

कथील २३२ अंश तापमानाला वितळतं. पितळ-तांब्याला त्या उष्णतेत काही होत नाही, म्हणून हे अंगणात, कोळशावर जमतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंचेचं सार, आमटी ठेवली की कळकायची, हिरवट पडायची. 'कळकणं' हा शब्द मी अलीकडे कुणाच्या तोंडून ऐकला नाही. स्टेनलेसचं भांडं कळकत नाही, तेव्हा शब्दालाही काम उरलं नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून तांब्यावर ठोके पडतात, तिथे गेलं तर कुणी जुना माणूस तो शब्द वापरेल.

*

घासून गुळगुळीत झालेलं जातं दळत नाही, नुसतं फिरतं. मग टाकीवाल्याची वाट बघायची. छिन्नी-हातोडीने तो दोन्ही पाळ्यांवर बारीक खड्ड्यांची नक्षी उठवायचा. टाकी लावल्यावर पहिलं दळण घरात वापरायचं नाही, त्यात कच येते. मूठभर कोंडा किंवा भरड दळून टाकून द्यायचं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या शेजारच्या मुळशीच्या डोंगरी गावांतल्या कितीतरी बाया त्यात गायल्या आहेत. इतकं मोठं काम मराठीत थोडं झालं असेल. ते वाचताना माझ्या मनात येतं की ज्याच्या टाकीने ते जातं दळतं राहिलं त्याची हाळी मात्र कुणी टिपली नाही. आमच्याकडे ती "टाकीऽऽय" अशी होती. शेवटचा 'य' गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

*

देहू इंद्रायणीच्या काठावर, आमच्या उंबऱ्यावरच. तुकोबा वाणी होते, दुकान होतं, बैलांवर माल लादून गावोगाव जात होते. महिपतींनी सांगितलेल्या चरित्रात ते मिरच्या घेऊन कोकणात उतरतात. गिऱ्हाइकाला सांगतात, तुमचं तुम्हीच मापून घ्या. लोक मापापेक्षा जास्त घेतात, पैसे देत नाहीत. मग विठोबा तुकोबांचा गडी होऊन दारोदार वसुली करतो. परतीच्या वाटेवर एक ठक त्यांना सोन्याचा मुलामा दिलेलं पितळेचं कडं विकून पैसे घेऊन जातो.

कीर्तनात ही गोष्ट तुकोबांचा भोळेपणा सांगायला येते. फेरीवाल्यांच्या गोष्टी ऐकल्यानंतर मला ती निराळी दिसते. घाट उतरून परक्या गावात गेलेल्या विक्रेत्याच्या वाट्याला काय येतं याची ती तंतोतंत नोंद आहे: माप गिऱ्हाइकाच्या हातात, उधारी बुडते, वाटेत लुबाडणूक. उधारी वसूल व्हायला देवच यावा लागावा, ही त्या धंद्याची खरी परिस्थिती. आमची कासारीण मार्गशीर्षात बांगड्या भरायची आणि काही घरांची उधारी पुढच्या मार्गशीर्षापर्यंत राहायची. तिच्याजवळ वही नव्हती. दोरीला गाठी मारायची.

*

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारापाशी धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचं दान कोरलेलं आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. तिथेच वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचंही नाव आहे आणि दाराचं काम करणाऱ्या सामी या सुताराचंही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी घाटवाटेने जाणाऱ्या विक्रेत्याला आपलं नाव दगडात लिहून ठेवायची जागा या डोंगरात मिळाली. एकवीरेच्या पायऱ्या चढून वर गेलात तर देवळाजवळच ते दार आहे. खाली पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आज बांगड्यांची, हळदी-कुंकवाची दुकानं आहेत. आमच्या कासारिणीची नात त्यांतल्या एका दुकानात बसते असं ऐकलं, पण मी गेले त्या दिवशी ते बंद होतं.

*

पाण्याचं विचारलं की बाया जरा थांबतात. कासारिणीला तांब्या हातात मिळायचा. वैदूच्या, वडाराच्या बाईला ओंजळीत वरून. सुया, दाभणं, पोत, करगोटे, बिब्बे तिच्याकडून घ्यायचे, पोराच्या पोटदुखीवर तिची मुळी उगाळून द्यायची, आणि पाणी वरून. त्यांची पालं ओढ्यापलीकडे. सत्तरी ओलांडलेली एक आजी मला म्हणाली, "तवा तसंच व्हतं बाई. कुनी इचारलंबी न्हाई." आणि मग तिने विषय बदलला. जुन्या दिवसांच्या आठवणी लिहिताना हे गाळलं तर ही वही खोटी होईल.

*

१८७१ हे वर्ष मी लाल शाईने लिहिलं आहे. त्या वर्षी ब्रिटनच्या संसदेने पायी फिरून माल विकणाऱ्यांसाठी कायदा केला. इंग्लंडमध्ये, स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये अशा माणसाला पोलिसांकडून परवाना घ्यावा लागू लागला. त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तिथे माणूस परवाना घेऊन विकू शकत होता. इथे अख्खी जात जन्मतःच गुन्हेगार ठरली. गुन्हेगार जमातींचा हा कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. फिरणाऱ्याने पोलिसांकडे हजेरी द्यायची. जो कधी कुठे थांबत नाही तो वाईटच, एवढ्या गृहीतावर हे उभं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कलंक कायद्याने पुसला गेला.

महाराष्ट्राची १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमातींची मूळ यादी वाचा. कैकाडी, वडार, वाघरी, बंजारा, घिसाडी, शिकलगार, वैदू. मला ती यादी वाचताना आमच्या अंगणातल्या हाळ्या एकामागून एक ऐकू येतात. टोपल्या, टाकी, जुन्या कपड्यांवरची भांडी, मीठ, खुरपी-विळे, सुऱ्यांना धार, सुया-पोत. ज्यांच्या हातांवाचून एकही चूल पेटली नसती त्यांची ही यादी.

*

त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा. त्यात या फिरस्त्यांबद्दल विस्ताराने आहे. आत्र्यांची नजर पक्की आणि भाषा कसदार, मी ते पुस्तक नेहमी हाताशी ठेवते. पण त्यांनी हिशेब मांडला तो कुणब्याच्या कणगीचा: इतके येणारे, इतकं धान्य जाणार, कुणबी नागवला. त्या हिशेबात तथ्य आहे. मात्र माजघरातल्या बाईला त्यांनी विचारलेलं दिसत नाही. तिने दिलेल्या मापट्याच्या बदल्यात तिला माहेरची खबर मिळत होती, हे त्या जमाखर्चात येत नाही.

आणि दाराच्या बाहेरून दार कसं दिसतं ते वाचायचं तर लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आहे, १९८० चं. कैकाडी घरातल्या मुलाने लिहिलेलं. मी ते वयाच्या विसाव्या वर्षी वाचलं आणि दिवाळीला घरी गेले तेव्हा आमच्याच ओसरीवर बसायला मला संकोच वाटला.

*

बोहारीण दुपारी यायची, घरात पुरुष नसतील अशा वेळी. पाटीत ॲल्युमिनियमची, मग स्टीलची भांडी. तिच्या हाती जुनं लुगडं दिलं की ती उजेडाकडे धरायची आणि बोट फिरवत विरलेली जागा अचूक दाखवायची. इकडे आई भांडं उलटं करून टिचकी मारायची, बूड पातळ आहे की जाड ते आवाजावरून ठरवायची. दोघी एकमेकींच्या मालाला नावं ठेवत तासभर बसायच्या. शेवटी एक झाकणी वर टाकली की सौदा पटायचा. आईच्या लग्नातला शालू असाच एका मोठ्या डब्यावर गेला. डबा अजून आहे, तांदळाचा. आई त्या डब्याकडे हात करून "माझा शालू" म्हणते.

*

तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा. टिळकांनी तिला पाठबळ दिलं. आमच्या मावळातच काच ओतली जात होती, तरी कासारिणीच्या दोरीतल्या बांगड्या फिरोजाबादच्या. लोकलने पुण्याला जाताना कासारवाडी स्टेशन लागतं. दर वेळी त्या पाटीकडे माझं लक्ष जातं.

*

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरणात पाणी अडलं. खोऱ्यातली काही गावं गेली, घरं वर सरकली, कित्येकांना लांब जावं लागलं. आत्या सांगते की त्यानंतरच्या हिवाळ्यात कासारीण आली आणि पाण्याच्या काठावर उभी राहून विचारत बसली: अमक्या वाडीतली मधली सून कुठे गेली, तमक्याची आई कुठे आहे. दोन हिवाळे ती असं विचारत फिरली. तिसऱ्या वर्षी तिलाच सगळे पत्ते माहीत होते, आणि पांगलेल्या शेजारणी एकमेकींची खुशाली तिच्याकडून घ्यायला लागल्या. धरणग्रस्तांच्या सरकारी याद्या मी पाहिल्या आहेत. त्यांत खातेदार पुरुषांची नावं आहेत. सुनांची यादी फक्त तिच्याजवळ होती.

*

उलटी फेरी. वैशाखात आमच्याकडच्या ठाकर-कातकरी बाया आणि पोरं करवंदं, जांभळं पानांच्या द्रोणात भरून लोणावळ्याच्या रस्त्यावर, खंडाळ्याच्या वळणावर, गाडीच्या खिडकीशी विकतात. पहाटे तीनला उठून रानात, काट्यांत हात घालून, ऊन चढायच्या आत स्टेशनावर. गाडी थांबते ती मिनिट-दोन मिनिटं, तेवढ्यात द्रोण द्यायचा, पैसे घ्यायचे, सुटे परत करायचे. रेल्वेच्या कायद्याने परवान्याशिवाय गाडीत आणि फलाटावर विकणं गुन्हा आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा झाला, पण तो शहरांपुरता आणि रेल्वेची हद्द त्यातून वगळलेली. म्हणजे ही बाई कुठेच बसत नाही. तिच्याकडून घेताना घासाघीस करू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे. द्रोणाला शीग असते, बघा.

*

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात एक काम झालं. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांना सांगितलं की वरच्या वर्गातल्या मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारावं आणि ऐकलेलं वहीत उतरवावं. सुमारे पाच हजार शाळा आणि पन्नास हजारांच्या आसपास मुलं. औषधं, भुतंखेतं, सण, खेळ, आणि त्यात एक विषय दारावर येणाऱ्या फिरत्या माणसांचा. पाठीवर गाठोडं घेऊन डोंगरातल्या घरांपर्यंत येणारा विक्रेता, त्याच्या सुया-दोरे-फिती, तो कुणाच्या घरी मुक्काम करायचा, कुठल्या बातम्या आणायचा, हे सगळं अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या अक्षरात आज तिथे जपलेलं आहे. १८७१ च्या ज्या कायद्याने त्याला परवाना घ्यायला लावला त्यात तो कोण होता ते लिहिलेलं नाही. मुलांच्या वह्यांत आहे.

*

मावळातल्या जिल्हा परिषद शाळांच्या बाईंना आणि गुरुजींना माझी हात जोडून विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत पाचवी ते सातवीच्या मुलांना एवढाच गृहपाठ द्या. आजीला, पणजीला विचारायचं: दारावर कोण कोण यायचं? हाळी कशी द्यायचं? मोबदल्यात काय द्यायचात? ते रात्री कुठे झोपायचे? त्यांना पाणी कसं द्यायचात? शेवटचा प्रश्न गाळू नका. आणि ज्या वर्गात वडाराचं, वैदूचं, कासाराचं मूल असेल तिथे त्याच्या आजीला आधी विचारा; तिला कुठल्या दारातून काय दिसलं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. शब्द जसे उच्चारले तसेच लिहू द्या, शुद्धलेखन तपासू नका. शंभर पानी वही पुरेल.

घाई करायला हवी. आमच्या गावात त्या कासारिणीकडून बांगड्या भरून घेतलेल्या आता तीनच बाया आहेत, आणि त्यांतल्या एकीला गेल्या श्रावणापासून ऐकू येत नाही.